कवच उघडल्याची नोंद झाली आहे

बायकोचं भरतकामाचं मशीन गेलं हे मला कळलं ते एका बुधवारी सकाळी, दूध तापवून झाल्यावर. ती जाऊन तोवर काही महिने झाले होते. घरात आवाज असा नव्हताच. फ्रिज होता, पण फ्रिजचा आवाज म्हणजे काही आवाज नव्हे, तो आपल्याशी बोलत नसतो. म्हणून मी मशीनवर टाकलेली चादर बाजूला केली, बटण दाबलं, आणि हिरवा दिवा लागल्यावर ही जशी म्हणायची तसं म्हटलं, "चला."

मशीन चाललं. सुई पाच-सहा वेळा खाली-वर झाली. मग आत कोणीतरी अक्रोड फोडावा तसा आवाज आला, सुई कापडात रुतून बसली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'अंतर्गत बिघाड. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.'

मी उभी नोकरी बस डेपोच्या स्टोअरमध्ये काढली. सुट्या भागांचं कोठार. माणूस खिडकीशी येऊन म्हणायचा, "साहेब, ते वाकडं असतं ना, ते आहे का?" आणि मी मागे जाऊन ते वाकडं काढून द्यायचो. मोडलेली वस्तू म्हणजे नुसती एका भागाची वाट बघत थांबलेली वस्तू, असा माझा जन्माचा समज. त्यामुळे 'संपर्क साधा' वाचून मला राग आला नाही. मी मशीन हळूच कलतं केलं आणि स्क्रू शोधायला लागलो.

स्क्रू नव्हते. कुठेच नव्हते. अंड्याला जेवढे स्क्रू असतात तेवढेच.

आता सुईखाली जे कापड अडकलं होतं त्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल. आमचं घर तळमजल्यावर. खिडकी जिन्याकडे जायच्या वाटेवर. इमारतीतलं प्रत्येक माणूस जाता-येता आत डोकावतं. पडदा लावला तर फटीतून डोकावतं. ही म्हणाली, "थांबा, डोकावणाऱ्यांचाच पडदा करते." आणि तिने पडद्यावर एक लांब फांदी भरली आणि फांदीवर एकेक शेजारी पक्षी करून बसवायला घेतला. चित्रं कागदावर नाही काढली. मशीनच्या स्क्रीनवर बोटाने कोरून कोरून थेट मशीनमध्येच ठेवली. एकेक पक्षी मशीन भरायचं आणि ही समोर बसून हसायची. मी विचारलं, "माझं काय?" तर म्हणाली, "तुमचं शेवटी."

शेवटी म्हणजे किती शेवटी, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

माझ्या पक्ष्याचं त्या बुधवारपर्यंत एवढंच झालं होतं : एक गोल पांढरं पोट आणि मागे शेपटीची सुरुवात. स्क्रीनवर चित्र दिसतं म्हणतात. दिसतं, पण टपाल तिकिटाएवढं, आणि त्यात पक्षी आणि किटली यांतला फरक कळत नाही.

मी मशीन कलतं करून बसलो होतो तेवढ्यात खिडकीतून वकील डोकावले. हे वकील नव्हेत. पण कुठल्याही वस्तूच्या खोक्यामागे बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते वाचल्याशिवाय ते वस्तू वापरत नाहीत, म्हणून सगळे त्यांना वकील म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं.

"स्टोअरसाहेब, उघडताय की काय? उघडू नका. अटी बघितल्या का?"

"अटी नाहीत, स्क्रू बघतोय."

ते आत आले. मशीनसोबत आलेलं अटींचं पुस्तक उघडणार, तोच त्यांची नजर पडद्यावर गेली. "हा कावळा कोण?"

"कावळा आहे."

"त्याने हातात कागद धरलाय."

"पायात."

"पायात का असेना. कागद आहे ना! आणि चष्मा आहे." ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. पण ते खाली वाकले, चष्मा वर सरकवला आणि हळूच म्हणाले, "कागदावरची अक्षरं मात्र वहिनींनी फार बारीक घेतलीत. अटी अशाच असतात."

तासाभरात सगळी इमारत आमच्या बाहेरच्या खोलीत. तळमजल्यावरच दवाखाना असलेली दातांची डॉक्टरीण सुतारपक्षी निघाली. तिला ते इतकं आवडलं की तिने मोबाइलवर फोटो काढला. वरच्या आजी घुबड निघाल्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, मला झोप नाही. पण डोळे छान काढलेत गं बाईने." माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, चार गल्ल्या पलीकडे राहते. ती साळुंकी निघाली, चोच उघडी. ती म्हणाली, "हे मला आधीच माहीत होतं. ताई मला तोंडावरच म्हणायची."

मग सगळ्यांचं लक्ष त्या पांढऱ्या पोटाकडे गेलं.

"हे भाऊजी ना?" मेहुणीने विचारलं.

"असावेत," वकील म्हणाले. मग वाकून बघत, "बगळा दिसतोय."

बगळा म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका पायावर उभं राहून ध्यानाचं सोंग करायचं आणि लक्ष मासोळीवर. मी म्हटलं, "मी कधी कसलं सोंग केलं?"

"रविवारी माळे साफ करायचे निघाले की तुमची कंबर धरायची," मेहुणी म्हणाली, "ते काय होतं?"

"ती खरंच धरायची."

"सोमवारी सुटायची."

आजी म्हणाल्या, "अरे, बगळाही चांगलाच असतो. स्वच्छ असतो." सांत्वन करायला आलेल्या माणसांनी शक्यतो बोलू नये, असं माझं मत आहे. हे मत मी त्या महिन्यांत फार मेहनतीने बनवलेलं आहे.

सगळे गेल्यावर मी त्या पोटाकडे बघत बसलो. लग्न झाल्यापासून एवढा संसार झाला. या बाईने मला नक्की काय समजून दिवस काढले, एवढं तरी नवऱ्याला कळायला हवं की नको? उत्तर या मशीनमध्ये होतं. आणि मशीन म्हणत होतं, अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. साधला.

सुई कापडात रुतलेली. तिला धरून ठेवणारा स्क्रू तेवढा बाहेर होता आणि साधा होता. तो सैल करून सुई कापडातच ठेवली. कापड ताणून धरणाऱ्या रिंगमधून ते काढायला मेहुणीने बंदी केली. "हललं तर पोट एकीकडे आणि डोकं एकीकडे होईल भाऊजी." म्हणून मशीन एका पिशवीत, रिंगसकट पडदा दुसऱ्या पिशवीत, असे मी आणि मेहुणी बसने निघालो. कंडक्टर माझ्या डेपोतलाच निघाला. त्याने पिशवीकडे बघून विचारलं, "काय नेताय?" मेहुणी म्हणाली, "भाऊजींचं पोट." त्याने दोन तिकिटं फाडून दिली.

केंद्र म्हणजे काचेचं दार, गार हवा आणि नंबर देणारं यंत्र. आत दुसरं कोणी नव्हतं तरी नंबर घ्यावा लागला, आणि नंबर घेतल्यावर तो पुकारला जाईपर्यंत सोफ्यावर बसावं लागलं. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. मग तिने आमचा नंबर पुकारला.

"सर, हे दुरुस्त होत नाही."

"तुम्ही अजून बघितलं नाही."

"मॉडेल बघितलं सर. हे उघडत नाही."

"तुमच्याच कंपनीने केलंय ना?"

"हो सर. पण ते बंद होऊनच येतं."

"ज्याने बंद केलं त्याला उघडता येत असेल ना?"

ती बिचारी हसली. वाईट मुलगी नव्हती. "सर, आम्ही उघडत नाही. आम्ही बदलतो."

मी तिला समजावून सांगितलं की आत एखादं चाक किंवा पट्टा मोडला असेल. आवाज मी ऐकलाय. ते चाक मला द्या, मी बसवतो. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "सर, तो भाग सुटा मिळत नाही. सुटा भागच नाहीये तो."

"मग काय आहे?"

"अविभाज्य घटक आहे सर."

उभ्या नोकरीत मला असं कोणी म्हणालं नव्हतं. आमच्या डेपोत बसच्या दांडीवरचा रबरी मुठीचा तुकडासुद्धा सुटा मिळायचा. अविभाज्य फक्त ड्रायव्हर आणि त्याची तंबाखू.

"नव्या मशीनमध्ये पक्षी असतील का?" मेहुणीने विचारलं.

"हो मॅडम! चाळीस पक्षी आधीपासूनच असतात."

"वकील आहे का त्यात?" मी विचारलं.

तिला ते कळलं नाही. मग आतून साहेब आले. गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो. ते म्हणाले की जुनं मशीन इथे जमा होईल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. ग्राहकाच्या खासगीपणासाठी कंपनी ते स्वखर्चाने पुसते.

"साहेब, माझा खासगीपणा मला खिडकीत टांगायचाय," मी म्हटलं.

"तसा पर्याय नाही सर."

मी मशीन उचललं. साहेब म्हणाले, "सर, एक सूचना. घरी उघडायचा प्रयत्न करू नका. मशीनला कळतं."

दारात मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुमचे कान लाल झालेत." खरं तर ही गेल्यापासून मला राग असा आलाच नव्हता. राग यायला अंगात काहीतरी लागतं. त्या दिवशी तो आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घरी वकील पुस्तक घेऊन तयारच होते. त्यांनी वाचून दाखवलं : "कवच उघडल्यास धारकाचे सर्व हक्क संपुष्टात येतील."

"धारक म्हणजे?"

"तुम्ही."

"मालक का नाही म्हणत?"

वकिलांनी पान मागेपुढे केलं. "मालक हा शब्द पुस्तकात कुठे नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांनाच ते खटकलेलं दिसलं. "पण म्हणून उघडू नका. मी या गोष्टीत नाही. मी फक्त वाचतो."

मी त्यांना सांगितलं, ज्या वस्तूचं झाकण मला उघडता येत नाही ती माझी नव्हे, ती घरी उतरलेला पाहुणा. पाहुण्याला मी जेवायला घालीन, पण त्याने माझ्या बायकोची चित्रं पोटात घेऊन गप्प बसायचं नाही.

मशीनच्या बुडाला चार रबरी पाय होते. ते नखाने ओढले तर निघाले, आणि खाली स्क्रू सापडले. मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. पण मित्राचं तोंड बदललं होतं. माथ्यावर चीर नाही, फुली नाही, एक तीन पाकळ्यांची खाच. हार्डवेअरच्या दुकानदाराने ती भिंगातून बघितली आणि विचारलं, "हा स्क्रू आहे की शिक्का?" त्याच्याकडे तसा स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. होता तो त्याने लावून बघितला, तर खाच सोलली गेली. मला म्हणाला, "काका, हे उघडायला नाही केलेलं. हे न उघडायला केलंय." हे तो मला सांगत होता.

परत येताना दवाखान्याच्या दारात डॉक्टरीण उभी होती. तिने स्क्रूवर नजर टाकली. "काका, याच्यावर आडवी चीर पाडली तर? माझ्याकडे ड्रिल आहे."

"दातांचं?"

"दातापेक्षा हा मऊ आहे. आणा आत. खुर्ची रिकामी आहे."

तर असं आमचं मशीन दातांच्या खुर्चीवर उताणं झोपलं. वर तो मोठा दिवा. डॉक्टरीण मास्क लावून वाकलेली, मी खांदे धरून, म्हणजे मशीनचे, आणि मेहुणी केस वाळवायचं यंत्र घेऊन. कारण झाकण नुसतं स्क्रूवर नव्हतं, कडेने डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवलेलं होतं. ते गरम केल्याशिवाय सुटत नव्हतं. बाहेर बाकावर दोन पेशंट बसले होते. मधे फक्त एक पडदा होता, साधा, पक्षी नसलेला.

"अजून गरम करा."

"वास यायला लागला गं."

"येऊ दे. आता घाला फटीत आणि उचला."

"तुटेल."

"तुटलं तर तुटलं काका, मुळापासून निघायला हवं!"

'कडाड' असा आवाज झाला. झाकण सुटलं. मी बाहेर डोकावलो तर बाकावर एकच पेशंट उरला होता, तोही एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने बाकाची कड धरून. त्याने मला विचारलं, "फार दुखलं का हो?"

"दुखलं नाही," मी म्हटलं, "पण कंपनीने मनाई केली होती."

इथे माझ्याकडून एक गोष्ट झाली ती डेपोच्या सवयीने. काढलेला स्क्रू कधी टेबलावर सोडायचा नाही, वाटीत ठेवायचा, हा आमचा नियम. समोर बेसिनपाशी कागदी पेले होते. मी एकेका पेल्यात एकेक स्क्रू ठेवला. मग आम्ही मशीन टेबलावर हलवलं आणि डॉक्टरणीने त्या उरलेल्या शूर माणसाला खुर्चीत घेतलं. काम झाल्यावर त्याला म्हणाली, "चूळ भरा." त्याने पेल्यात नळाचं पाणी घेतलं, चूळ भरली, थुंकला, आणि बेसिनमध्ये खण्णकन वाजलं. तो बराच वेळ बेसिनकडे बघत होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हा माझ्यातला आहे का?"

"नाही हो, तो काकांचा आहे," डॉक्टरीण म्हणाली. त्याने त्याचं समाधान झालं नाही.

आत काय होतं ते सांगतो. एक नखाएवढं प्लॅस्टिकचं चाक. त्याचे दोन दात तुटलेले. बस्स. एवढ्यासाठी अख्खं मशीन जमा करा, सगळं पुसून टाका. सबंध मशीन लोखंडी आणि एवढं एकच चाक प्लॅस्टिकचं, तेही सगळ्यांत जास्त जोर येतो त्या जागी. डेपोत असा भाग आला असता तर मी तो पाठवणाऱ्याच्या नावाने परत केला असता. सोबत दोन शब्द लिहून.

"दुसरं चाक मिळणार नाही," मी म्हटलं.

डॉक्टरणीने चाक चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवलं. "दुसरं कशाला? हे भरता येईल. रोज तेच करते मी." तिने तो तुटलेला भाग खरवडला, दातात भरतात तो मसाला त्यावर लावला, टोकदार हत्याराने दोन दात कोरले आणि निळ्या दिव्याने ते वाळवले. मग सवयीने चाकाला म्हणाली, "दोन तास काही खायचं नाही."

संध्याकाळी आम्ही मशीन आमच्या टेबलावर मांडून चालू केलं. चाक फिरलं. सुई धरणारा दांडा वर आला. मेहुणीने टाळी वाजवली. आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली : 'कवच उघडल्याची नोंद झाली आहे. कवच बंद करा.'

मी झाकण लावलं. तरी तेच. झाकण परत काढून बघितलं, तर एका कोपऱ्यात दोन करंगळ्या जेमतेम मावतील एवढं भोक, भोकाच्या आत एक आडवी बटणी. झाकणाला आतून एक दांडी असते, ती तिच्यावर बसते आणि मशीनला कळतं की आपण बंद आहोत. ती दांडी आमच्या 'कडाड'मध्ये मोडली होती. मी बटणीवर करंगळी टेकवली. लाल अक्षरं गेली. करंगळी काढली. लाल अक्षरं आली, आणि या वेळी खाली आणखी एक ओळ : 'दुसरी नोंद. तिसऱ्या नोंदीनंतर यंत्र मूळ स्थितीत नेले जाईल.'

"मूळ स्थितीत म्हणजे?" मेहुणीने विचारलं.

वकील खिडकीत होतेच. त्यांनी तिथूनच सांगितलं, "म्हणजे सगळं पुसणार. पान बावन्न."

मी मशीनचं बटण बंद केलं आणि खाली बसलो.

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून सगळे रविवारी जमलो. बटणीवर काडी लावायची असं ठरत होतं. मशीन बंद असतानाच करून बघितलं. काडी थरथरीने निसटते. चिकटपट्टी तिथे पोचत नाही. कापूस बसतो पण हळूहळू दबतो. डॉक्टरीण म्हणाली, "सिमेंट भरून टाकते ना. जन्मात सुटणार नाही."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"पुन्हा कायमचं बंद करायचं? मग कंपनीत आणि आपल्यात फरक काय?"

आजी म्हणाल्या, "मग बोट ठेवा. बोटाला काय झालंय?"

तसंच ठरलं. प्रत्येकाने आळीपाळीने करंगळी ठेवायची. बदलताना आधी दुसऱ्याचं बोट शेजारी टेकवायचं, मगच पहिल्याने काढायचं. भोक एवढं अरुंद की हे तालात व्हायला हवं. आम्ही बंद मशीनवर सराव केला. वकील दाराशी हाताची घडी घालून उभे. "मी यात नाही. मी फक्त साक्षीला."

रिंग बसवली. तीच सुई परत स्क्रूने पक्की केली. मी करंगळी ठेवली, बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. हिरवा दिवा. या वेळी मी "चला" म्हणालो नाही. ते मेहुणी म्हणाली, आणि तिचा आवाज हिच्यासारखा आहे हे तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं.

मशीन चाललं. पांढरं पोट पुरं झालं. शेपूट आली, आखूड, टोकाला वर वळलेली.

"बगळ्याची अशी नसते," आजी म्हणाल्या.

"अजून काही सांगता येत नाही," वकील दारातून.

माझं बोट बधिर झालं तेव्हा डॉक्टरणीने घेतलं. तिचा हात दगडासारखा स्थिर. तिच्यानंतर मेहुणीने. मेहुणीला करंगळी ठेवून गप्प बसवेना, ती बोलायला लागली, आणि बोलताना तिचे हात हलतात. "बोलू नको!" सगळे ओरडले. साळुंकीला आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम गप्प केलं. आजींनी घेतलं तर त्यांचा हात कापायला लागला. मी उठलो, पण माझ्या बोटात अजून मुंग्या. डॉक्टरीण दोरा बदलत होती, मेहुणी रिंगखालचा पडदा सावरत होती. आजी म्हणाल्या, "अरे कोणीतरी या रे, सुटतंय."

वकील आले. धावतच आले. चष्मा काढून खिशात टाकला, आजींच्या बोटाशेजारी आपली करंगळी टेकवली आणि म्हणाले, "सोडा तुम्ही."

"पान बावन्न?" मी विचारलं.

"खड्ड्यात गेलं पान बावन्न," वकील म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम होता. "मालक हा शब्द लिहायला काय झालं होतं त्यांना?"

नेमका तेव्हा फोन वाजला. केंद्रातली मुलगी. रविवारीसुद्धा यांना सुट्टी नसते. "सर, नव्या मशीनबद्दल काही विचार केलात का?"

"केला. मशीन चालू आहे."

मागून खटखट आवाज तिला ऐकू जात असणार. "सर, तुम्ही... उघडलंत?"

"उघडलं. दोन नोंदी झाल्यात. तिसरी होणार नाही. साहेबांना सांग, ते चाक प्लॅस्टिकचं आहे, ते लोखंडी करा. आणि तो अविभाज्य घटक वाटीत काढून ठेवता येतो."

"सर, मी असं नोंदवू शकत नाही."

"मग नुसतं सांग."

मग हळू आवाजात तिने विचारलं, "सर, वकील म्हणजे कोण?" मी सांगितलं, कावळा. आत्ता त्याचंच बोट आहे. ती हसली आणि फोन ठेवला.

पाय आले. नारिंगी. बोटांच्या मधे पडदे असलेले पाय. सगळे वाकून बघायला लागले. मग मान, आखूड, जाड. मग चोच आली, आणि चोच चपटी होती.

"बदक," मेहुणी म्हणाली.

बदकच होतं. फांदीवर बदक. शेजारी घुबड, त्यापलीकडे सुतारपक्षी, कावळा, साळुंकी, सगळे नखांनी फांदी धरून व्यवस्थित बसलेले, आणि त्यांच्या रांगेत हे पोट सांभाळत उभं. आधी आजी हसल्या. मग सगळेच. वकिलांनासुद्धा हसू आवरेना, आणि त्यांचं बोट आत होतं, म्हणून ते हसताना फक्त खांदे हलवत होते. मला म्हणजे काय वाटावं? बगळा नाही याचा आनंद मानावा, तर बदक. बदक चालतं कसं हे तुम्ही बघितलंच असेल. डेपोत माझ्या मागे पोरं तसं चालून दाखवायची, हे मला माहीत होतं. हिलाही माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

"बदक फांदीवर बसत नाही," मी म्हटलं. जरा घुश्शातच.

"नाही बसत," मेहुणी म्हणाली. तिचे डोळे ओले होते, पण ती पदर शोधत बसणारी बाई नाही, तिने हाताच्या पाठीने पुसले. "ताईने बसवलंय. पडेल म्हणून फांदी तिथे जाड केलीये बघा."

बघितलं. बाकी सगळीकडे फांदी बोटभर आहे. बदकाखाली ती दोन बोटं आहे.

आता पडदा खिडकीत लागला आहे. लोक डोकावतात ते आधी पडद्याकडे बघतात, मग आत. मशीन टेबलावर उघडंच आहे. झाकण मी माळ्यावर टाकून दिलं, माझी कंबर ठीक आहे. कंपनीचे निरोप येतात. वाचून पुसतो, त्यांच्याच खासगीपणासाठी.

बदकाने मान उजवीकडे वळवलेली आहे. उजवीकडे फांदी आणखी वीतभर जाते, तिथेही ती जाडच आहे, आणि त्या भागावर काही नाही. त्या रविवारी मशीनवर आलं होतं, 'नमुना पूर्ण. पुढील नमुना निवडा.' मी निवडायला गेलो तर पुढे काही नव्हतं. स्वतःचं चित्र तिने काढलंच नव्हतं.

बोट ठेवायला माणसं आहेत. दोरे आहेत. मला चित्र काढता येत नाही. तिचा पक्षी अजून व्हायचा आहे.